जमिनीतल्या आमरीचे कंद: अमरकंद, सालमपंजा आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ह्या सदरात अमरकंदाचा ओझरता उल्लेख आला होता, की ही जमिनीत वाढणारी आमरी म्हणजेच ऑर्किड आहे आणि तिचा कंद औषधाला वापरतात, बस एवढंच. त्यावर नाशिक शहरातून, पेठ-सुरगाण्याकडून इतके मेसेज आणि पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून फक्त गाव देतोय.

पेठ तालुक्यातून एक शिक्षक लिहितात: आमच्या पाड्यावरची म्हातारी माणसं अमरकंद ओळखतात. माझी आजी तो दुधात उगाळून द्यायची, अशक्तपणा असला की, आणि गळ्याला गाठी आल्या की वरून लेप लावायची. पण मी विचारत फिरलो तर दोन माणसांनी दोन वेगळी झाडं दाखवली. खरा अमरकंद कुठला? आणि गुण खरंच येतो का?

गुरुजी, दोघांचंही बरोबर असू शकतं. अमरकंद हे नाव आपल्याकडे एकाच झाडाला नाहीये, युलोफिया नावाच्या ऑर्किडच्या गटातल्या दोन-तीन भाऊबंदांना सर्रास तेच नाव लावतात. त्यातली युलोफिया स्पेक्टाबिलिस, जिला जुन्या पुस्तकांत युलोफिया नूडा लिहिलेलं असतं, आणि दुसरी युलोफिया ऑक्रिएटा, पिवळसर फुलांची, ह्या दोन सह्याद्रीत जास्त दिसतात. ओळखायची वेळ म्हणजे वळीव पडून गेल्यावर ते पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, कारण तेव्हा जमिनीतून आधी फुलांचा दांडा वर येतो आणि पानं मागाहून येतात, म्हणजे गवतात नुसता दांडा उभा आणि त्याला फुलं असं दिसतं. पानं आली की ती लांब, उभ्या ठळक शिरांची आणि घड्या पडलेली असतात, आणि मग बरीच माणसं ती रानहळद समजून सोडून देतात. खाली कंद असतो, आणि तो एकटा नसतो, एकाला एक लागून साखळी असते. हे साखळीचं लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात मला त्यावर बोलायचंय.

वापराचं म्हणाल तर तुमची आजी करायची ते महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्याही आदिवासी भागांत नोंदवलेलं आहे. ताकदीसाठी कंद दुधातून, जंतांवर, जुन्या खोकल्यावर, आणि गंडमाळेवर म्हणजे मानेतल्या गाठींवर लेप. शिवाय काही ठिकाणी कंद खातातही. त्यात पिठूळ भाग आणि चिकट भाग भरपूर असतो, त्यामुळे आजारातून उठलेल्या माणसाला दुधातून असं काहीतरी पोटात गेलं तर बरं वाटणार यात मला शंका नाही, पूर्वी तर उन्हाळा संपता संपता घरातलं धान्यही संपत आलेलं असायचं, त्या दिवसांत कंद म्हणजे जेवणच होतं. औषध आणि अन्न असे दोन कप्पे आपण शहरातले लोक करतो, पाड्यावर तसं नव्हतं.

गाठींवर गुण येतो का हा अवघड प्रश्न आहे आणि मी तो गुळमुळीत सोडणार नाही. ह्या कंदांमधून फिनँथ्रीन गटातली रसायनं वेगळी काढलेली आहेत, त्यातल्या एकाला तर नूडॉल असंच नाव आहे, ह्याच झाडावरून. काही रसायनांचा सूज कमी करणारा आणि कॅन्सरच्या पेशींवर परिणाम करणारा गुण लॅबमध्ये दिसलाय. पण ते काचेच्या भांड्यातल्या पेशींवर किंवा उंदरांवर, शुद्ध केलेल्या रसायनाचं काम आहे, त्यावरून माणसाने किती कंद खायचा हे ठरत नाही. म्हणजे आजीचं निरीक्षण पोकळ नव्हतं एवढं मी छातीठोक म्हणेन, आणि त्यापुढे जाऊन कोणी तुम्हाला हमी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि एक फार महत्त्वाचं. त्याच रानात, त्याच दिवसांत कळलावी पण उगवते. तिचा कंद विषारी आहे, कोल्चिसिन नावाचं विष असतं त्यात, थोडक्या कंदाने माणूस दगावतो. पान-फूल डोळ्यांनी बघितल्याशिवाय नुसता खणलेला कंद कोणी हातात दिला तर तो पोटात घ्यायचा नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. शाळेत मुलांना हे दोन शेजारी शेजारी दाखवता आले तर फार बरं होईल, कळलावीचं लाल-पिवळं फूल आणि टोकाला वळलेलं पान मुलं विसरत नाहीत.

नाशिकरोडहून एका ताईंचा मेसेज: सूनबाई बाळंत झालीये. डिंकाच्या लाडवात सालमपंजा घालायची आमच्याकडे पद्धत आहे. भद्रकालीत काष्ठौषधीच्या दुकानात विचारलं तर भाव ऐकूनच घाबरले, आणि त्यांनी सालमपंजा, सालम मिश्री, सालम लसुनी असे तीन प्रकार दाखवले. कुठला घेऊ? आणि हा अमरकंदच का?

ताई, आधी सूनबाईंना आणि बाळाला आशीर्वाद. सालमपंजा म्हणजे अमरकंद नाही पण नातेवाईक नक्की, ती पण जमिनीतली ऑर्किडच. तिचं शास्त्रीय नाव डॅक्टिलोऱ्हायझा हाटाजिरिया, हिमालयात 2500 मीटरच्या वर, थेट 5000 मीटरपर्यंतच्या गवताळ उतारांवर वाढते, जांभळी फुलं येतात. कंदाला बोटं फुटल्यासारखा आकार म्हणून पंजा, उत्तराखंडात हत्थाजडी म्हणतात, नेपाळात पांचऔंले. सालम मिश्री म्हणून जे गोलसर कंद येतात ते बहुतेक इराण-अफगाणिस्तानाकडच्या ऑर्किडचे, आणि सालम लसुनी म्हणजे लसणाच्या कुडीसारखा दिसणारा प्रकार. बादशाही सालम म्हणून एक विकतात तो तर ऑर्किडच नाही, कांद्याच्या जातीतल्या एका डोंगरी झाडाचा कंद आहे. शिवाय आपल्याकडच्या मैदानी युलोफियाचे कंदही सालम म्हणून बाजारात येतात. म्हणजे तुम्ही भाव पंजाचा द्याल आणि घरी काय येईल हे पावडर झाल्यावर कोणालाच सांगता येत नाही.

ह्या कंदांमध्ये खरं काम करतं ते ग्लुकोमॅनन, पाणी धरून फुगणारा चिकट पिठूळ पदार्थ. चिमूटभर पावडरने दूध दाटसर होतं ते त्याच्यामुळे. तुर्कस्तानात ह्याच कंदांचं गरम दूध हिवाळ्यात दालचिनी भुरभुरून पितात, सालेप म्हणतात त्याला, आणि तिथल्या मराश गावचं ते ताणलं जाणारं आईस्क्रीम पण सालेप घालूनच करतात. चहा-कॉफी घरोघर रुळायच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं लंडनच्या रस्त्यावर ते गरम गरम विकलं जायचं. एवढं सगळं जग ह्या छोट्या कंदावर पोसलं गेलंय आणि त्याची किंमत कुणी दिली ते बघा, एक किलो सुकी सालेप पावडर करायला साधारण 1000 ते 4000 कंद लागतात. एका झाडाला कामाचा कंद एकच. तुर्कस्तानने शेवटी कंद आणि खरी पावडर देशाबाहेर न्यायला बंदी घातली.

आपल्या हिमालयातल्या पंजाचं पण तेच झालंय. बी रुजून फुलायला त्याला कितीतरी वर्षं लागतात आणि काढणारे फुललेलंच झाड बघून काढतात, कारण बाकी वेळेला ते गवतात दिसत नाही. म्हणजे बी द्यायच्या बेतात असलेलं झाडच नेमकं उपटलं जातं.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो, तुम्हाला आवडो न आवडो. लाडवात सालमपंजा नको. डिंक, खारीक, खोबरं, खसखस, मेथी एवढ्यावर तो लाडू पूर्ण आहे, आणि दूध वाढावं अशी इच्छा असेल तर शतावरी आहेच, ती शेतात लावलेली मिळते. आणि हे काही माझ्या मनचं नाही. आयुर्वेदात अष्टवर्ग म्हणून आठ वनस्पतींचा गट आहे, जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी, वृद्धी. त्यातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी ह्या चार हिमालयातल्या जमिनीवरच्या ऑर्किड आहेत असं आज मानतात. चरकसंहितेत सांगितलेल्या च्यवनप्राशात 500 आवळ्यांबरोबर ह्यातल्या बऱ्याच येतात. पण 16व्या शतकातल्या भावमिश्रांनी भावप्रकाशात लिहून ठेवलंय की अष्टवर्ग राजांनासुद्धा मिळायला दुर्मिळ आहे, तेव्हा वैद्याने त्याच्या जागी दुसरी द्रव्यं घ्यावीत. मेदा-महामेदाच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराहीकंद. चारशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्याने पर्याय दिलाय, ग्रंथात आहे, मग आपण आज हट्ट कशाला धरायचा. अर्थात बाळंतिणीला कुठलंही औषध म्हणून काही द्यायचं तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारूनच, बीपी-शुगर काही असेल तर नक्कीच.

इंदिरानगरहून: माझ्या भावाच्या मानेत दोन महिन्यांपासून गाठ आहे. त्र्यंबकेश्वरला गेलो होतो तिथे रस्त्याकडेला जडीबुटीवाल्याने अमरकंदाची पावडर दिली, तीन महिने घ्या म्हणाला, गाठ विरघळते म्हणाला. चालू ठेवावं का?

नाही. आजच बंद करा आणि ह्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा, सिव्हिलला गेलात तरी चालेल. मानेतली गाठ टीबीची असू शकते, थायरॉइडची असू शकते, कॅन्सरची असू शकते, किंवा अगदी साधी पण असू शकते, हे सुई घालून तपासल्याशिवाय हाताने चाचपून कोणालाच कळत नाही. पूर्वी ज्याला गंडमाळ म्हणायचे त्यातल्या बऱ्याच गाठी टीबीच्याच असायच्या आणि तेव्हा दुसरा इलाज नव्हता म्हणून लेप लावायचे. आता टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो, आणि तो पूर्ण केला तर माणूस बरा होतो. तीन महिने पावडरीत घालवणं म्हणजे ते तीन महिने आजाराला देणं. पावडरीत नक्की काय आहे तेही आपल्याला माहीत नाही. भावाला पुडी घेऊनच डॉक्टरांकडे न्या, त्यांना दाखवा, लपवू नका.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी, पंचवटी: सर, प्रोजेक्टसाठी विचारतेय. जमिनीवरच्या ऑर्किडचे औषधाशिवाय काही उपयोग होते का? गुगलवर सगळीकडे औषधच येतंय.

होते ना, आणि खूप मजेशीर होते. सगळ्यात मोठा म्हणजे डिंक. त्या कंदातला जो चिकट पदार्थ दूध दाट करतो तोच सुकला की घट्ट धरतो. मेक्सिकोत अॅझ्टेक कारागीर पक्ष्यांच्या पिसांची चित्रं करायचे, ढाली आणि राजांचे पोशाख, त्यात पिसं चिकटवायला ऑर्किडच्या कंदाची खळ वापरायचे, त्सौत्ली म्हणत तिला. स्पॅनिश लोक आले त्यांनी हे सगळं लिहून ठेवलंय. उत्तर अमेरिकेत एक ऑर्किड आहे अॅप्लेक्ट्रम हायमेल, तिला पुटी रूट असंच नाव पडलंय (पुटी म्हणजे फटी बुजवायचा लगदा) कारण कंद ठेचून त्याच्या लगद्याने फुटकी मातीची भांडी सांधायचे. चीनमध्ये ब्लेटिला स्ट्रायाटा, बाई-जी म्हणतात, तिचा कंद रक्त थांबवायला वापरतात आणि त्याच्याच चिकट रसाचा उपयोग गोंद म्हणून पण करतात. तुला प्रोजेक्टला ब्लेटिला चांगली पडेल कारण तिच्यावर औषध आणि डिंक दोन्ही बाजूंनी काम झालेलं आहे, आणि ती बागेत लावतात त्यामुळे रानातलं झाड न उपटता नमुना मिळतो.

दुसरा उपयोग जेवणाचा. झांबियात चिकंदा नावाचा पदार्थ करतात, जमिनीवरच्या ऑर्किडचे कंद वाळवून दळायचे, शेंगदाण्याच्या कुटात घालून शिजवायचे, थंड झालं की वड्या पाडता येतात. त्यात डिसा, सॅटिरियम आणि हॅबेनेरिया ह्या गटातले कंद असतात. ह्यातली सॅटिरियम आणि हॅबेनेरिया भारतातही आहेत, आपल्या सह्याद्रीत पण आहेत, हा धागा तुझ्या प्रोजेक्टमध्ये जरूर घे. तिथे पूर्वी टंचाईच्या दिवसांत खायचे, आता शहरातल्या बाजारात मागणी वाढली आणि झांबियातले कंद पुरेनात म्हणून टांझानियाच्या डोंगरातून पोत्याने यायला लागले.

आणि व्हॅनिला विसरू नकोस, ती पण ऑर्किडच, जमिनीत मूळ धरून झाडावर चढते. तिचं हाताने परागण करायची सोपी रीत 1841 मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या 12 वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, आणि आजही शेतात त्याच रीतीने करतात. मला ह्या मुलाबद्दल फार आदर वाटतो, त्याच्या शोधावर लोकांनी पैसा केला आणि तो गरिबीतच गेला.

एक खबरदारी. काळी मुसळीचं शास्त्रीय नाव कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस आहे म्हणून मुलं तिला ऑर्किड धरतात. ती ऑर्किड नाही. व्हायवाला हमखास विचारतात.

गंगापूर रोडवरून एक काका: आमच्या आंब्यावर ऑर्किड आहे, ती झाडाचा रस शोषते म्हणून शेजारी काढून टाका म्हणतात. दुसरं म्हणजे मला गच्चीत कुंडीत अमरकंद लावायचाय. अंजनेरीला भरपूर दिसतो, एखादा आणला तर चालेल का?

काका, आंब्यावरची राहू द्या. रस शोषतं ते बांडगूळ, त्याची मुळं फांदीच्या आत घुसतात. ऑर्किड फक्त सालीवर बसते, पाणी हवेतून आणि पावसातून घेते.

अंजनेरीहून मात्र आणू नका. ते राखीव संवर्धन क्षेत्र आहे, तिथली काडीसुद्धा उचलायची नाही हा नियम झाला, पण नियमाच्या पलीकडचं कारण सांगतो म्हणजे पटेल. ऑर्किडचं बी धुळीएवढं असतं, एका बोंडात हजारो, आणि त्यात पिल्लासाठी शिदोरीच नसते. हरभऱ्याच्या दाण्यात असते तशी डाळ नसते. ते बी मातीत पडल्यावर विशिष्ट बुरशीचा धागा त्यात शिरला आणि त्याने अन्न पुरवलं तरच ते रुजतं. हे फ्रान्समध्ये नोएल बेर्नार यांनी 1899 मध्ये पहिल्यांदा पाहिलं. मोठं झाल्यावर पण ही देवघेव चालू राहते. तुम्ही झाड उपटून कुंडीत आणता तेव्हा बुरशी तिथेच राहते, आणि आधीच कंदात असलेल्या साठ्यावर ते एक-दोन वर्षं पानं काढतं, आपल्याला वाटतं जगलं, आणि मग हळूहळू संपतं. शिवाय पाऊस बघा, त्र्यंबक-इगतपुरीचा पट्टा म्हणजे इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास आणि नाशिक शहरात 700 च्या आसपास, हवाच वेगळी.

तुम्हाला जमिनीतली ऑर्किडच हवी असेल तर नर्सरीत स्पॅथोग्लॉटिस मागा, ग्राउंड ऑर्किड म्हणून मिळते, जांभळी-गुलाबी फुलं येतात, आपल्या हवेत चांगली चालते. एक भाग बारीक मुरूम, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग कोकोपीट, खाली भोकाची कुंडी, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली. लॅबमध्ये बी रुजवून केलेली युलोफियाची रोपं मिळाली तर ती जरूर घ्या, 1922 मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ नडसन यांनी साखरेच्या माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं तेव्हापासून हे शक्य आहे. युलोफियाला एकच गोष्ट सांभाळायची, पानं पिवळी पडून गळली की पाणी जवळजवळ बंद, उन्हाळाभर कुंडी कोरडी राहू द्या, माणसं इथेच चुकतात, झाड मेलं म्हणून रोज पाणी घालतात आणि कंद कुजतो.

आणि औषधासाठीच लावायचं असेल तर सफेद मुसळी लावा ना. क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम, बोरिवलीच्या नावावरून नाव पडलेलं आपल्या मातीतलं झाड, शेती होते, बेणं मिळतं.

सुरगाणा तालुक्यातून एक तरुण: पावसाळ्यात आमच्याकडे व्यापारी येतो, कंद घेतो. अमरकंद आणि ते पांढऱ्या फुलाचं जमिनीला पान चिकटलेलं झाड, दोन्हीचे. भाव अगदी कमी देतो. वनरक्षक म्हणतो काढू नका, व्यापारी म्हणतो काही होत नाही. आमचा हक्क आहे की नाही? आणि काढलं तर संपेल का?

भाऊ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बाकीचे प्रश्न विकत घेणाऱ्यांचे आहेत, तू एकटा काढणाऱ्याच्या बाजूने विचारतोयस.

हक्काचं आधी. वनहक्क कायदा 2006 मध्ये गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून जे मिळतं त्यावर, अनुसूचित जमाती आणि जंगलावर जगणाऱ्या लोकांचा मालकीहक्क मानलेला आहे आणि त्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळं, कंद असं स्पष्ट लिहिलंय. सुरगाणा अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत. पण हा हक्क गावाचा आहे, व्यापाऱ्याचा नाही, आणि कायद्यात हक्काबरोबर जंगल आणि जैवविविधता राखायची जबाबदारी पण दिलेली आहे. तेव्हा काय काढायचं, किती, कोणाला विकायचं हे ग्रामसभेने ठरवावं आणि ठराव लिहून ठेवावा. एकट्याने व्यापाऱ्याशी बोललास तर भाव तो ठरवणार. आणि माल परदेशात जातो असं तो म्हणत असेल तर सावध राहा, जगातल्या सगळ्या ऑर्किड साइट्स कराराच्या, म्हणजे रानातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधन घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत आणि आपल्या देशातून रानातल्या ऑर्किडची निर्यात बंद आहे.

आता संपेल का. ह्याचं उत्तर दोन झाडांसाठी वेगवेगळं आहे आणि हे नीट समजून घे.

पांढऱ्या फुलाचं, जमिनीला एक-दोन पानं सपाट चिकटलेलं, ते बहुधा हॅबेनेरिया, आपल्या पठारांवर आषाढात सगळीकडे दिसणारं. त्याच्या खाली साधारण दोनच कंद असतात. एक सुरकुतलेला, ज्याने ह्या वर्षीचं झाड पोसलंय, आणि एक टपोरा, जो पुढच्या वर्षीचा आहे. व्यापाऱ्याला टपोराच हवा असतो. तो काढला की झाड संपलं, उरलेल्या सुरकुतलेल्यात काही नसतं. म्हणजे ह्या झाडाकडे द्यायला जादा असं काहीच नाही. हे काढायचं पूर्ण थांबवा, ग्रामसभेत पहिला ठराव हाच करा.

अमरकंदाचं तसं नाही. वर गुरुजींना सांगितलं ती साखळी, दरवर्षी पुढच्या टोकाला नवा कंद आणि मागे जुने. पुढच्या कंदावर कोंब असतो. ज्याला खरंच घरच्या औषधाला लागतोय त्याने बाजूची माती उकरून मागचा जुना कंद मोडून घ्यावा, पुढचे तसेच ठेवावेत आणि माती परत दाबावी. आणि हे बोंडं वाळून तडकल्यावर, बी उडून गेल्यावर करायचं, आधी नाही. असं केलं तर झाड राहतं. पण हे घरच्या गरजेपुरतं, पोत्याच्या हिशोबाने केलं तर हे पण टिकणार नाही. अमेरिकेत लेडीज स्लिपर नावाची जमिनीवरची ऑर्किड 19व्या शतकात झोपेच्या आणि नसांच्या औषधाला इतकी खणली गेली की कित्येक भागांत ती दिसेनाशी झाली.

विकायचंच असेल तर लावलेलं विकावं लागेल. चीनमध्ये तिएन-मा म्हणून एक ऑर्किड आहे, गॅस्ट्रोडिया, तिला पान नाही, हिरवा रंग नाही, पूर्णपणे बुरशीवर जगते. डोकेदुखी-चक्करेवर तिचा कंद वापरतात आणि ती पण रानातून संपत चालली होती. त्यांनी शोधून काढलं की लाकडावर वाढणारी आर्मिलारिया नावाची बुरशी तिला पोसते, मग ओंडक्यांवर ती बुरशी वाढवून त्यात कंद लावले, आणि आज बाजारातला बहुतेक माल शेतीतला असतो. अमरकंदाचं असं कोणीतरी आपल्या मातीत करायला पाहिजे, कृषी विद्यापीठांनी करायला पाहिजे, आणि ज्यांना झाड कुठे कधी उगवतं माहीत आहे त्या तुमच्यासारख्यांना बरोबर घेऊन करायला पाहिजे, ह्याबद्दल मी लिहीत राहणार आहे. तोपर्यंत पैशासाठी बघायचं तर ऑगस्टमधल्या रानभाजी महोत्सवात कुर्डू, करटोली हे सगळं विकलं जातं, त्यातल्या बऱ्याच भाज्या मुळासकट काढाव्या लागत नाहीत आणि पुढच्या वर्षी परत येतात.

अजून एक काम कर. जैवविविधता कायदा 2002 खाली प्रत्येक पंचायतीत लोकांची जैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती घाईने भरलेली असते. ग्रामसेवकाकडे मागून बघ, त्यात अमरकंद आहे का, कुठल्या डोंगरावर, कुठल्या महिन्यात, कशाला वापरतात. नसेल तर जाणती म्हातारी माणसं बसवून लिहून घे, त्यांच्या नावानिशी, स्थानिक वैदूंची नावं लिहायला त्या नोंदवहीत वेगळा तक्ता असतो. मात्र नेमकी जागा लिहिलेलं पान बाहेरच्या माणसाला फोटो काढायला देऊ नकोस.